राज्य टिकते शस्त्राने, लोकशाही टिकते समाजाने

'या देशाला एखादा हुकूमशहाच पाहिजे.' आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ काय होतो याकडे कुणाचे लक्षही जात नाही. रस्त्यावर खड्डा दिसला, लोकसभेत गोंधळ झाला, गाडी उशिरा आली, की लगेच निर्वाळा दिला जातो : आपल्या लोकांची लोकशाहीची पात्रताच नाही, पाच-दहा वर्षे दंडुका हवा, मग सगळे सरळ होईल. असे म्हणणाऱ्यांत निवृत्त अधिकारी असतात, डॉक्टर असतात, परदेशी स्थायिक झालेली मुले असतात. आणि, स्पष्टच लिहायचे तर, राष्ट्रभक्तीबद्दल ज्यांच्याविषयी शंका घेता येणार नाही अशी माणसेही असतात.

या विचाराची दुसरी बाजू विद्यापीठांत सापडते. तेथील पंडितांचे म्हणणे शब्दांनी वेगळे, आशयाने तेच. सिमोर लिप्सेट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये लोकशाही आणि संपन्नता यांचे नाते मांडले. संपत्ती, उद्योग, शहरे आणि शिक्षण जेथे अधिक, तेथे लोकशाही टिकण्याचा संभव अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे त्याचे सुटसुटीत सूत्र झाले : आधी विकास, मग लोकशाही. या मापाने मोजले असता भारतात लोकशाही असायलाच नको होती. १९५१च्या जनगणनेत साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या घरात होती. १९६७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी भारताची चौथी सार्वत्रिक निवडणूक ही बहुधा शेवटची ठरेल, असे भाकीत केले होते. त्या निवडणुकीनंतर २०२४ पर्यंत लोकसभेच्या आणखी चौदा निवडणुका झाल्या.

दिवाणखान्यातील गृहस्थ आणि विद्यापीठातील पंडित या दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही राज्याकडे पाहतात, समाजाकडे पाहत नाहीत. लोकशाही ही वरून टाकायची वस्तू आहे, घटना लिहिली की ती येते किंवा दरडोई उत्पन्न अमुक झाले की ती परवडते, असे दोघांनाही वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की विकसनशील देशांत लोकशाहीचे भवितव्य समाजातील शक्ती ठरवतात. जमीन कोणाच्या हाती आहे, भाषेचा अभिमान मतपेटीतून व्यक्त होतो की बंदुकीतून, सत्तेशिवाय जगू शकणाऱ्या संस्था समाजात आहेत की नाहीत, या प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको.

एकच वारसा, दोन वाटा

इतिहास सहसा प्रयोगशाळा उघडत नाही. १९४७ मध्ये मात्र त्याने ती उघडली. भारत आणि पाकिस्तान ही दोन राज्ये एकाच कायद्याने, एकाच वेळी जन्माला आली. दोघांचाही आरंभीचा कारभार १९३५च्या कायद्यावर चालला. सनदी सेवा एकाच साच्यातली, लष्कर एकाच कवायतीतले, न्यायालये एकाच परंपरेतली. लोकशाही ही ब्रिटिशांची देणगी असेल तर ती दोघांनाही सारखीच मिळाली होती. मग एकीचे रोप वाढले आणि दुसरीचे करपले, असे का व्हावे?

भारताने दोन वर्षे, अकरा महिने आणि काही दिवसांत राज्यघटना पूर्ण केली. सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली १९५१-५२ मध्ये १७ कोटींहून अधिक मतदारांसाठी निवडणूक घेतली. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद केली होती. असा हा समाज होता. तरीही तो मतदानकेंद्रापर्यंत चालत गेला.

पाकिस्तानला पहिली राज्यघटना मिळण्यास १९५६ साल उजाडले. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायद्याखाली ती रद्दही झाली. १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत त्या देशाने सात पंतप्रधान पाहिले. प्रौढ मतदानावर आधारलेली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती डिसेंबर १९७० मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर २३ वर्षांनी. तिचा निकाल सत्ताधाऱ्यांना पचला नाही आणि वर्षभरात तो देश फुटला. तेव्हापासून आजवर तेथील एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची पूर्ण मुदत लाभलेली नाही.

या फरकाचे श्रेय केवळ नेत्यांना देऊन चालणार नाही. जीना लवकर गेले, लियाकत अली खान यांची हत्या झाली, हे खरे. परंतु एका माणसाच्या मृत्यूने जी लोकशाही मरते, ती मुळात जिवंत होती काय?

जमीन कोणाची, सत्ता कोणाची

मुस्लिम लीगचे अनेक अग्रणी नेते संयुक्त प्रांत, मुंबई अशा भागांतले होते. फाळणीनंतर त्यांचे मतदार भारतात राहिले आणि ते कराचीला गेले. पायाखाली मतदारसंघच नसलेल्या नेत्याला निवडणुकीची घाई कशी असणार? दुसरीकडे पंजाब आणि सिंधमध्ये लीगचे बळ होते ते मोठ्या जमीनदारांचे. कुळाच्या पोटाची दोरी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कुळाचे मतही असते.

ही दोरी तोडण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. अयूबखान यांनी १९५९ मध्ये जमीनधारणेवर मर्यादा घातली. पण ती बागायतीसाठी ५०० एकर आणि जिरायतीसाठी १००० एकर, तीही माणशी! भुत्तो यांनी १९७२ मध्ये ती १५० आणि ३०० एकरांवर आणली, १९७७ मध्ये आणखी खाली खेचली. कागदावर हे बरे दिसते. प्रत्यक्षात जमिनी नातेवाइकांच्या नावे चढल्या, आणि १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाने अशी मर्यादा इस्लामविरोधी ठरवून मूळ प्रश्नच निकालात काढला. त्यामुळे लष्करशहा आला तरी जमीनदार शाबूत आणि निवडणूक झाली तरी निवडून येणार तोच, अशी स्थिती तेथील ग्रामीण भागात राहिली.

भारतातही जमीन सुधारणा अर्धवटच झाल्या. पळवाटा काढल्या गेल्या, बेनामी व्यवहार झाले. तरीही उत्तर प्रदेश, बिहारमधील जमीनदारी कायद्याने संपली. पश्चिम महाराष्ट्रात १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी लक्षावधी कुळांना जमिनीचा मालक बनवण्याची वाट मोकळी केली. ज्या कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या खोताच्या ओटीखाली उभे राहून बोलणे ऐकले, त्याच्या नावाचा सातबारा निघाला. सातबाऱ्यावर नाव लागलेला माणूस मत देताना मान वर करून मत देतो. घटनेच्या कलमांनी त्याला अधिकार दिला हे खरे. तो वापरण्याचा कणा दिला तो या सामाजिक बदलाने.

भाषेचा प्रश्न : ढाका आणि मुंबई

समाजातील दुसरी प्रबळ शक्ती म्हणजे भाषा. येथे महाराष्ट्राचा अनुभव पाकिस्तानच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

२१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. पूर्व बंगालने उत्तर दिले ते मतपेटीतून. १९५४च्या प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगचा तेथे अक्षरशः धुव्वा उडाला. कराचीने काय केले? दोन महिन्यांच्या आत ते निवडून आलेले सरकारच बडतर्फ केले. बंगाली समाजाने त्यातून एकच धडा घेतला : येथे मताला किंमत नाही. १९७० मध्ये त्याने पुन्हा एकवार मत देऊन पाहिले. अवामी लीगला सर्वसाधारण ३०० जागांपैकी १६० जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळाले. २५ मार्च १९७१च्या रात्री त्याला रणगाड्यांनी उत्तर मिळाले.

आता मुंबईकडे पाहू. येथेही गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरहून अधिक हुतात्मे पडले. हा डाग दिल्लीच्या आणि मुंबईच्या तत्कालीन राज्यकर्त्यांना पुसता येणार नाही. परंतु त्यानंतर १९५७ची निवडणूक आली आणि मराठी माणसाने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पदरी भरभरून मते टाकली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे असे विचारांनी तीन दिशांचे लोक एका मांडवाखाली आले. त्या निकालाची दखल घेणे दिल्लीला भाग पडले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. संताप तोच होता, गोळ्याही सुटल्या होत्या; पण येथे मताने मागणी मान्य करवून घेतली आणि तेथे मताचाच गळा घोटला गेला. ज्या समाजाला आपल्या मताने काही घडते याचा एकदा प्रत्यय येतो, तो समाज बंदूक हाती घेत नाही.

न्यायालय वाकले, समाज उभा राहिला

'आपल्याकडे न्यायालये स्वतंत्र आहेत, म्हणून लोकशाही टिकली,' असेही एक उत्तर दिले जाते. ते अर्धसत्य आहे.

पाकिस्तानच्या गव्हर्नर जनरलने १९५४ मध्ये घटना समितीच बरखास्त केली, तेव्हा तिचे अध्यक्ष तमिजुद्दीन खान न्यायालयात गेले. सिंधच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश मुनीर यांच्या सर्वोच्च पीठाने १९५५ मध्ये तो फिरवला. पुढे 'गरजेपोटी केलेले ते वैध' या तत्त्वाने तेथील लष्करी राजवटींना कायद्याचे वस्त्र पुरवले.

पण आपल्याकडेही तसा दिवस उगवला होता हे विसरून कसे चालेल? २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी आली. लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली. नऊ उच्च न्यायालयांनी नागरिकाच्या बाजूने कौल दिला असताना २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने जाहीर केले की स्थानबद्ध माणसाला आपल्या अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरुद्ध गेले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. संसद वाकली होती, वृत्तपत्रे वाकली होती, सर्वोच्च न्यायालयही वाकले. घटनेने उभारलेला प्रत्येक खांब कलला होता.

मग छप्पर कोसळले का नाही? कारण खाली समाज उभा होता. सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले हजारो अनाम कार्यकर्ते आणि त्यांच्यामागे घर सांभाळणाऱ्या स्त्रिया यांत होत्या; भूमिगत पत्रके छापून ती घरोघर पोचवणारे विद्यार्थी होते; संघ, समाजवादी, सर्वोदयी असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका बराकीत राहत होते. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीचा निर्भय निषेध केला आणि पुढे तुरुंगवास पत्करला. मार्च १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातील सर्व ८५ आणि बिहारमधील सर्व ५४ जागा सत्ताधारी पक्षाने गमावल्या; रायबरेलीत खुद्द पंतप्रधान पडल्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यातील सक्तीचा वरवंटा उत्तरेत सर्वाधिक फिरला होता. तेथील निरक्षर शेतकऱ्याने कोणताही ग्रंथ वाचला नव्हता. स्वातंत्र्य म्हणजे काय ते त्याला स्वतःच्या अंगावरून कळले होते.

त्याच काळात 'गाड्या वेळेवर धावू लागल्या' म्हणून समाधानाचे सुस्कारे टाकणारा वर्ग कोणता होता? तो शिकलेला होता, पगारदार होता. 'अनुशासन पर्व' हा शब्द त्याला फार आवडला होता. आज 'हुकूमशहा पाहिजे' म्हणणारा गृहस्थ त्याच वर्गाचा वारस आहे.

कोरियाचे नाव घेण्यापूर्वी

हा गृहस्थ लगेच सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि चीन यांची नावे घेतो. सिंगापूर हे सारे मिळून लोकसंख्येने मुंबईपेक्षा लहान आहे. नगराच्या व्यवस्थेची मापे खंडप्राय देशाला लागू होत नाहीत. चीनच्या हुकूमशाहीने १९५८ नंतरच्या 'मोठ्या उडी'त कोट्यवधी माणसे भुकेने मारली. त्याची बातमी द्यायला तेथे मोकळे वृत्तपत्र नव्हते आणि त्याचा जाब विचारायला विरोधी पक्ष नव्हता.

कोरियाची कथा तर आमच्याच बाजूने साक्ष देते. जनरल पार्क १९६१ मध्ये सत्तेवर येण्यापूर्वीच, १९४९-५०च्या जमीन कायद्याने तेथील जमीनदारी मोडली होती. समाजाची बैठक आधी बदलली, कारखाने नंतर आले. लोकशाही आली ती कोणा हुकूमशहाच्या कृपेने नव्हे. जून १९८७ मध्ये विद्यार्थ्यांबरोबर कचेऱ्यांतील पगारदार मध्यमवर्ग रस्त्यावर उतरला आणि सेनानींना थेट निवडणूक मान्य करावी लागली. ३ डिसेंबर २०२४च्या रात्री तेथील अध्यक्षांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला, तेव्हा सामान्य नागरिक मध्यरात्री संसदेच्या दाराशी जमले, आत सदस्यांनी मतदान करून काही तासांत तो आदेश हाणून पाडला, आणि एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्षांना पद गमवावे लागले.

आणि यशस्वी हुकूमशहांची यादी करायची तर अयशस्वींचीही करावी. झैरेचे मोबुटू, युगांडाचे इदी अमीन, एके काळी जगाला तांदूळ पुरवणाऱ्या ब्रह्मदेशाला कंगाल करणारे ने विन. ही यादी लिहिता लिहिता शाई संपेल. आपल्या वाट्याला कोणता येईल हे निवडण्याचा अधिकार हुकूमशाहीत नसतो. तसा अधिकार असेल तर तिला लोकशाही म्हणतात!

'आधी विकास' म्हणणाऱ्यांनी बांगलादेशही पाहावा. कापड उद्योगाने तेथे लक्षावधी स्त्रियांना रोजगार दिला, वाढीचा वेग जगाने वाखाणला. पण २०१४ मध्ये ३०० पैकी १५३ जागांवर निवडणूकच झाली नाही, कारण विरोधकांनी बहिष्कार घातला आणि तेथे उमेदवार एकेकच उरले. ज्या असंतोषाला मतपेटीची वाट मिळत नाही, तो रस्ता शोधतो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांना देश सोडावा लागला आणि त्यानंतरच्या अराजकाची झळ तेथील हिंदूंना सोसावी लागली.

दुधारी शक्ती

समाजशक्तीचे गुणगान येथवर केले. आता तिची दुसरी धार पाहणे प्राप्त आहे, नाहीतर ही केवळ आत्मस्तुती ठरेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बौद्ध भिक्षुसंघांतील मतदानाच्या आणि सभानियमांच्या पद्धतीची आठवण करून दिली होती. लोकशाही या भूमीला परकी नाही हे त्यांनी सांगितले. पण ती आपण एकदा गमावली आहे, हेही सांगितले. सामाजिक आणि आर्थिक विषमता कायम ठेवून केवळ राजकीय समता टिकणार नाही आणि राजकारणातील व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग आहे, हे त्यांचे दोन इशारे होते. आपण त्यांचे पुतळे उभारले. इशारे किती ऐकले?

जातीने दुबळ्यांना संघटित होण्याची शिडी दिली हे मान्य केले पाहिजे. परंतु शिडी ही चढण्यासाठी असते, तिच्यावर घर बांधायचे नसते. आज उमेदवारी ठरवताना सर्वच पक्षांच्या बैठकीत पहिला प्रश्न जातीचा असतो. सहकाराचेही तसेच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभा केलेला साखर कारखाना हा शेतकऱ्याला सभा, ठराव आणि हिशेब शिकवणारी शाळा होती. त्या चळवळीतून ग्रामीण महाराष्ट्राचे नेतृत्व उभे राहिले. पुढे अनेक ठिकाणी सभासद झोपला आणि कारखाना घराण्याच्या मालकीचा झाला. पंचायतीत स्त्रियांना ५० टक्के जागा मिळाल्या. पण कित्येक गावांत खुर्चीवर बाई आणि शिक्का नवऱ्याच्या हाती. कायदा दार उघडतो, उंबरा ओलांडणे समाजाच्या हाती असते.

आपले काय?

आता प्रश्न या पानाच्या वाचकाला. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरच्या जंगलात, नक्षलवाद्यांच्या सावटाखाली, ७० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. त्याच निवडणुकीत मुंबई दक्षिण मतदारसंघात ते ५० टक्क्यांच्या आसपास अडकले. पुण्याची कथा फार वेगळी नाही. पायपीट करून मत देणारा आदिवासी लोकशाहीला अपात्र आणि सुट्टी जोडून लोणावळ्यास जाणारा सुशिक्षित पात्र, हा कोणता हिशेब?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक होण्यास जानेवारी २०२६ उजाडले. मधली जवळपास चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत पालिकेचा कारभार प्रशासकाने हाकला. नगरसेवक नाही, सभागृह नाही, जाब विचारण्याची जागा नाही. कारणे न्यायालयीन होती, आरक्षणाची होती, प्रभागरचनेची होती; सरकारे या काळात वेगवेगळ्या पक्षांची आली. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की नागरिकाला काही चुकल्यासारखे वाटलेच नाही. ढाक्याने आणि सोलने ज्यासाठी रस्ते भरून टाकले, ते आपल्या शहरांतून नाहीसे झाले आणि आपण चहाचा पेलाही खाली ठेवला नाही. हुकूमशाही दर वेळी रणगाड्यातून येत नाही. समाजाच्या जांभईतूनही ती येते.

ज्यांना संघटनेचे संस्कार लाभले आहेत त्यांच्यावर याची जबाबदारी अधिक आहे. मतदारयादीत आपल्या वस्तीतील प्रत्येकाचे नाव आहे की नाही हे पाहणे, ग्रामसभेला जाणे, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून प्रश्न विचारणे, पतपेढीच्या निवडणुकीत जात न विचारता माणूस विचारणे, आपल्याच पक्षाचा उमेदवार नालायक असेल तर तसे तोंडावर सांगणे, ही कामे लहान वाटतात. त्यांना हार-तुरे नाहीत, घोषणा नाहीत. पण १९७७ साली ज्या समाजाने खांब कललेले असताना छप्पर पेलले, तो समाज अशाच लहान कामांतून घडलेला होता. तो आभाळातून पडला नव्हता.

तेव्हा यापुढे कुणी 'या देशाला हुकूमशहाच पाहिजे' म्हणाले, की त्याला एवढेच विचारावे : मागच्या निवडणुकीत तुम्ही मत दिले होते काय?